हजेरी मांडा, मग हौशीचं बोला

कॉलेजच्या खेळाडूला पैसे दिले की हौशी खेळ संपला, असं आमच्याकडे ठासून सांगणारे बहुतेक दोन प्रकारचे असतात. एक, जे कधीकाळी विद्यापीठाच्या संघातून खेळलेले, म्हणजे कलर होल्डर होते आणि त्या प्रमाणपत्राच्या जोरावर सरकारी नोकरीत लागले. दुसरे, स्पर्धेच्या उद्घाटनाला येऊन शाल-श्रीफळ घेणारे. दोघांचंही खेळावर प्रेम आहे, याबद्दल मला शंका नाही. पण खेळाडूला काही मिळू नये असं म्हणणाऱ्यांना खेळातून काहीतरी मिळून गेलेलं असतं, एवढं आधी नोंदवून ठेवतो.

त्यांचं म्हणणं त्यांच्याच शब्दांत असं: "खेळ हौसेनं खेळा लागते भाऊ. पैसा आला का पोट्टे पैशासाठी खेळतीन, अन् ज्याच्यात पैसा नाही तो खेळ मरून जाईन." मग अमेरिकेचा दाखला येतो, तिथल्या कॉलेजांनी खेळाडूंना पैसे द्यायला सुरुवात केली आणि पोहण्याचे, टेनिसचे संघ बंद पडू लागले. आणि वाद आमच्या रिद्धपुरात चालू असेल तर हमखास महानुभाव पंथाचे गोविंदप्रभू येतात. लोकांनी वेडं म्हटलं तरी पोरांमध्ये पोर होऊन खेळणारे आमचे गोविंदप्रभू. त्यांनी काय मानधन घेतलं होतं?

गोविंदप्रभूंचं आधी बघू, कारण गावात राहून त्यांना वळसा घालता येत नाही. त्यांच्या खेळाला हेतू नव्हता हे खरं. पण पहाटे पाचला मैदानावर या, संध्याकाळी पुन्हा या, पंच्याहत्तर टक्के हजेरीही भरा, असं त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. त्यांचा फोटो प्रवेशाच्या फ्लेक्सवर लावून कुठल्या संस्थेनं विद्यार्थी गोळा केले नव्हते. कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकच्या अहवालात विद्यार्थ्यांची क्रीडा कामगिरी मोजली जाते आणि ती कॉलेजच्या श्रेणीत धरली जाते. खेळाडूच्या घामाचा हिशेब कॉलेज असा मांडतं आणि तोच घाम खेळाडूनं मात्र निर्हेतुक समजावा, अशी अपेक्षा ठेवतं. गोविंदप्रभूंच्या लीळेचा दाखला द्यायचा असेल तर संस्थेनंही लीळेसारखं वागावं. ट्रॉफी कपाटात ठेवू नये.

आता हौशीपणाच्या पावित्र्याकडे येऊ. हे पावित्र्य आपल्या मातीतलं नाही. कुस्तीच्या आमदंगलीत इनाम जाहीर होतं, जोड लागते, जिंकणारा फेट्यासकट पैसे घेऊन जातो आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही. मल्लाला संस्थानिकांनी पोसलं, गावानं खुराक दिला. पैसे घेणारा तो हलका आणि न घेणारा तो सज्जन, ही वाटणी एकोणिसाव्या शतकातल्या इंग्लंडातली आहे, आणि ती कशासाठी झाली हेही लपलेलं नाही. हेन्लीच्या प्रसिद्ध नौकाशर्यतीनं १८७९मध्ये हौशी खेळाडू कोण हे ठरवलं तेव्हा कारागीर आणि मजूर यांना सरळ वगळलं. शर्यतीसाठी पैसे घेतले नसले तरी वगळलं, कारण ते पोटासाठी अंगमेहनत करत होते आणि दिवसभर वल्हवणाऱ्या, हातोडा मारणाऱ्या माणसाकडून हरण्याची साहेबांच्या पोरांची तयारी नव्हती. १९३६मध्ये ऑस्ट्रेलियाचा ऑलिंपिक संघ हेन्लीला आला, तर त्यातले वल्हवणारे पोलिस आहेत म्हणून त्यांना उतरू दिलं नाही. गवगवा झाला आणि पुढच्या वर्षी नियम बदलावा लागला. त्याच १९३६मध्ये अमरावतीच्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाची मुलं बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी कबड्डी आणि देशी कसरती दाखवून आली. वैद्य बंधूंनी १९१४मध्ये उभं केलेलं ते मंडळ. वऱ्हाडातली ती मुलं हेन्लीला गेली असती तर त्यांतल्या किती जणांना दारातून आत सोडलं असतं, हा प्रश्न हौशीपणाच्या कैवाऱ्यांनी स्वतःला विचारून पाहावा.

हौशीपणाच्या या नियमानं कुणाचा बळी घेतला याचं सगळ्यांत ठळक नाव जिम थॉर्प. अमेरिकेतल्या कार्लाइलच्या आदिवासी मुलांच्या शाळेतला हा गडी १९१२च्या स्टॉकहोम ऑलिंपिकमध्ये पेंटॅथलॉन आणि डेकॅथलॉन अशी दोन सुवर्णं जिंकून आला. पुढच्याच वर्षी ती काढून घेतली, कारण १९०९ आणि १९१०च्या उन्हाळ्यात तो किरकोळ पैशांवर बेसबॉल खेळला होता. त्या काळी कॉलेजची कितीतरी मुलं सुट्टीत तेच करत, फक्त खोटं नाव लावून. थॉर्पनं खरं नाव लावलं. १९५३मध्ये तो गेला, पदकं घरच्यांना १९८३मध्ये परत मिळाली आणि एकमेव विजेता म्हणून त्याचं नाव नोंदवायला २०२२ उजाडलं.

खोटं नाव लावणं म्हटल्यावर आमच्या भागातल्या कबड्डीच्या खुल्या सामन्यांची आठवण होणारच. दिवाळीनंतर गावोगाव मंडप पडतात, पहिलं बक्षीस अमुक भाऊंकडून, दुसरं तमुक दादांकडून. गावच्या संघातून चढाई करणारा पोट्टा गावचा नाही हे सगळ्या गावाला ठाऊक असतं. तो कुठल्यातरी कॉलेजचा असतो, त्याला येण्याजाण्याचे आणि वर काही हातात दिलेले असतात. पावती नाही, नोंद नाही, पाय मोडला तर जबाबदार कुणी नाही. म्हणजे पैसा खेळात शिरेल ही भीती उशिरा सुचलेली आहे. तो कधीचाच शिरलेला आहे, फक्त मागच्या दारानं, आणि मागच्या दारानं येणाऱ्या पैशात मधल्या माणसाचा कट ठरलेला असतो.

खाशाबा जाधवांची गोष्ट आपण शाळेत अभिमानानं सांगतो. गोळेश्वरचे खाशाबा, १९५२, हेलसिंकी, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक पदक. मिरवणुकीतल्या बैलगाड्यांपर्यंत सगळं सांगतो. पण त्यातली जमाखर्चाची बाजू घाईत उरकतो. ते ज्या राजाराम कॉलेजात शिकले त्याचे प्राचार्य खर्डेकर यांनी राहतं घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले, गावकऱ्यांनी वर्गणी काढली, आणि परत आल्यावर खाशाबांनी कुस्त्यांचे फड भरवून ते कर्ज फेडलं असं सांगतात. देशासाठी हौशी म्हणून खेळलेला माणूस त्या हौशीचा खर्च फेडण्यासाठी तिकिटाच्या कुस्तीत उतरतो. नियमाचं पुस्तक काटेकोर वाचलं तर त्या क्षणी तो धंदेवाईक ठरतो. मला यात खर्डेकरांचा मोठेपणा दिसतो, खाशाबांचा त्याहून मोठा दिसतो, आणि व्यवस्थेची लाज दिसते. आपण मात्र या तिन्हींची सरमिसळ करून 'त्याग' असं नाव देतो आणि पुढच्या पोरांकडून त्याचीच मागणी करतो.

वऱ्हाडात ही मागणी नेमकी कुणाकडे जाते, हे कॅलेंडर उघडलं की कळतं. आंतरमहाविद्यालयीन सामन्यांचा हंगाम साधारण सप्टेंबरपासून थंडीपर्यंत चालतो. झोनल, इंटर झोनल, मग विद्यापीठाच्या संघाची शिबिरं, नशीब असेल तर राज्यातल्या विद्यापीठांची अश्वमेध स्पर्धा. आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात सोयाबीनची सोंगणी असते. दिवाळीच्या आगेमागे कापसाची वेचणी सुरू होते. मोर्शी-वरुडच्या पट्ट्यात आंबिया बहाराच्या संत्र्याचा तोडाही त्याच महिन्यांत. वर्षातले जे दिवस मजुराच्या घरात चार पैसे आणतात, नेमके तेच दिवस विद्यापीठानं मैदानासाठी मागून घेतलेले आहेत. ज्याच्या घरी नोकरी आहे किंवा मजूर लावून करायची शेती आहे, त्या मुलाला हा हंगाम म्हणजे मजा. ज्याचे आईबाप दुसऱ्याच्या वावरात जातात, त्याला प्रत्येक सामना एका हजेरीला, म्हणजे एका दिवसाच्या मजुरीला पडतो. महाराष्ट्रात रोजगार हमीची मजुरी २०२५-२६ साठी दिवसाला ३१२ रुपये होती. म्हणजे गरीब घरचा पोरगा दोन महिने कबड्डी खेळला तर त्याच्या घरानं कॉलेजच्या ट्रॉफीसाठी अठरा हजारांवर रुपये खर्च केलेले असतात. ही देणगी कुठल्याही देणगीदारांच्या फलकावर लिहिली जात नाही.

आणि मुलींचं तर विचारूच नका. पैसे आले की ते मुलांच्या खेळांकडे जातील आणि मुलींचे संघ बुडतील, असा कळवळा मी अनेकदा ऐकला आहे. खेड्यातली मुलगी मैदान सोडते तेव्हा घरात काय बोलणं होतं? "तिथं जाऊन काय भेटते तुले?" या प्रश्नाला तिच्याकडे उत्तर नसतं. ट्रॅकसूट आणि प्रमाणपत्र हे उत्तर बापाला पुरत नाही, आणि आईला सकाळच्या कामाला हात हवा असतो. महिन्याला तिच्या बँक खात्यात तिच्या नावानं रक्कम जमा झाली तर तेच घर तिला एसटी स्टँडवर सोडायला येईल. हे मला फारसं उदात्त वाटत नाही, पण खरं वाटतं. घरात मुलीच्या वेळेला किंमत मिळवून द्यायची असेल तर आधी बाहेर कुणीतरी ती द्यावी लागते.

अमेरिकेचा दाखला मी टाळणार नाही. तिथल्या कॉलेज खेळांची संघटना एनसीएए हिनं वर्षानुवर्षं कोट्यवधी डॉलरच्या टीव्ही करारांवर कारभार चालवला आणि खेळाडूला शिष्यवृत्तीपलीकडे काही घेऊ दिलं नाही. १९५५मध्ये कोलोरॅडोत कॉलेजसाठी फुटबॉल खेळताना रे डेनिसन हा तरुण डोक्याला मार लागून मरण पावला. त्याच्या विधवेनं भरपाई मागितली तेव्हा तो कॉलेजचा कामगार नव्हता असं सांगून न्यायालयानं ती नाकारली. २१ जून २०२१ रोजी तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं एकमतानं एनसीएएविरुद्ध निकाल दिला, त्याच वर्षी १ जुलैपासून खेळाडूंना स्वतःच्या नावावर जाहिराती घेता येऊ लागल्या आणि जून २०२५च्या न्यायालयीन तडजोडीनंतर कॉलेजं थेट पैसे देऊ लागली, वर्षाला प्रत्येकी सुमारे दोन कोटी डॉलरच्या मर्यादेत. त्यानंतर काही संघ बंद झाले, हे खरंच आहे. कॅल पॉली या संस्थेनं तर तडजोडीला मंजुरी मिळण्याआधीच, मार्च २०२५मध्ये, तिचं कारण देऊन पोहण्याचा संघ बंद केला.

आक्षेपातला हा भाग प्रामाणिक आहे, आणि त्याला माझं उत्तर असं, की तिथं उत्पन्नाचा वाटा वाटला गेला. जो खेळ टीव्हीवर खपतो त्याला जास्त, जो खपत नाही त्याला नारळ. बाजारभावानं पैसे वाटले की असंच होणार. पण आपल्याकडे वाटून घ्यायला उत्पन्न आहेच कुठे? अमरावती विद्यापीठाच्या खो-खोच्या सामन्याला टीव्हीवाले येत नाहीत, प्रेक्षक झाडाखाली उभे असतात. म्हणून इथं नफ्याच्या वाट्याची मागणी करून भागणार नाही आणि मी ती करतही नाही. मी बुडालेल्या दिवसांची भरपाई मागतो आहे, सगळ्या खेळांना एकाच दरानं, मुलामुलींना सारखीच. तलवारबाजीचा पोरगा आणि कबड्डीची पोरगी, दोघांना दिवसाचं तेवढंच. असा दर कुठल्याही खेळाला मारत नाही, कारण तो कुठल्या खेळाला किती टाळ्या पडतात हे विचारत नाही.

शिवाय पैसे आले की प्रेक्षकांचा जीव उडेल, हा जो दावा एनसीएएनं कोर्टात केला होता, त्याचं पुढे काय झालं तेही सांगायला हवं. एप्रिल २०२४मध्ये आयोवा आणि साउथ कॅरोलायना यांच्यातला महिला कॉलेज बास्केटबॉलचा अंतिम सामना पावणेदोन कोटींहून जास्त लोकांनी पाहिला. त्या वर्षीचा पुरुषांचा अंतिम सामना दीड कोटीच्या आतच राहिला. आयोवाची केटलिन क्लार्क तोवर जाहिरातींतून भरपूर कमावत होती. लोकांचं तिच्यावरचं प्रेम त्यामुळे तसूभरही आटलं नाही.

इतक्या लांब जायचीही गरज नाही. आपल्याच देशात एका खेळानं हा प्रश्न कधीच निकालात काढला आहे. २०२१मध्ये बीसीसीआयनं देशांतर्गत क्रिकेटचं मानधन वाढवलं तेव्हा एकोणीस वर्षांखालच्या मुलांना सामन्याच्या दिवसाला २० हजार आणि तेवीस वर्षांखालच्यांना २५ हजार ठरले. ही सगळी कॉलेजच्या वयाची मुलं, पुष्कळशी कॉलेजात नाव असलेलीही. विदर्भानं २०१७-१८, २०१८-१९ आणि पुन्हा २०२४-२५ मध्ये रणजी जिंकली तेव्हा पैशानं खेळ बाटला असं कुणी म्हटल्याचं मला आठवत नाही. अमरावतीच्या जितेश शर्माला आयपीएलच्या लिलावात ११ कोटी मिळाले तेव्हा आपण चौकात फटाके फोडले आणि चांगलंच केलं. मग कबड्डीच्या पोराला तीनशे रुपये म्हटल्यावरच हौशीपणाचं पावित्र्य का आठवतं? क्रिकेटपटूचा पैसा म्हणजे यश आणि मल्लाचा पैसा म्हणजे लोभ, हा भेद खेळामुळे पडलेला नाही. तो खेळाडूच्या घराकडे बघून पडलेला आहे.

काही जण म्हणतात, सरकार देतंच की. देतं. खेलो इंडियात निवडलेल्या खेळाडूला महिना दहा हजार रुपये खर्चाला मिळतात, राहणं-शिकवणं वेगळं. देशभरात अशी तीन हजारांच्या आसपास मुलं आहेत. चांगली योजना आहे. पण ती वर आलेल्याला हात देते. वर येण्याआधीच्या तीन-चार वर्षांत, जेव्हा पोरगं झोनलमध्ये खेळतं आणि पुढे जाईल की नाही हे कुणालाच माहीत नसतं, तेव्हाच बहुतेकांचं मैदान सुटतं.

आणि राज्य सरकारच्या नोकऱ्यांत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे, त्याचं काय, असं कलर होल्डर मंडळी विचारतील. तेही मानधनच आहे, फक्त उधारीवरचं. आज खेळ, पाच-सात वर्षांनी भरती निघाली तर बघू. मजुरी अशी उधार ठेवली आणि तिचा पुरावा म्हणून एक कागद दिला, की त्या कागदाचा बाजार भरतो. ट्रॅम्पोलिन, टम्बलिंगसारख्या खेळांची बोगस प्रमाणपत्रं दाखवून नोकऱ्या लाटल्याची प्रकरणं महाराष्ट्रानं पाहिली आहेत. ज्यांनी कधी उडी मारली नाही ते अधिकारी झाले आणि खरे खेळणारे भरतीच्या रांगेत राहिले. रोजची हजेरी रोज मांडली आणि पैसे थेट खात्यात गेले तर बनवाबनवीला जागा उरणार नाही असं मी म्हणत नाही, हजेरीपटावर खोटी नावं चढवण्यात आपण रोजगार हमीत पुरेसे तयार झालो आहोत. पण मैदानावरची बारा पोरं रोज शे-दोनशे लोक बघतात. कागदावरची उडी कुणीच बघत नाही.

ही व्यवस्था नव्यानं शोधायची गरजही नाही. कर्मवीर भाऊराव पाटलांच्या रयत शिक्षण संस्थेनं 'कमवा आणि शिका' रुजवून कित्येक दशकं झाली आणि आज विद्यापीठांत ती नियमित योजना आहे. मुलगा ग्रंथालयात पुस्तकं लावतो, झाडांना पाणी घालतो, कार्यालयात नोंदी करतो आणि तासाचे पैसे घेतो. पैसे घेतल्यामुळे त्याचं पुस्तकांवरचं किंवा झाडांवरचं प्रेम कमी झालं, अशी तक्रार कुठल्याही प्राचार्यांनी केलेली नाही. त्याच योजनेत मैदानाचे तास धरायचे. सराव आणि सामने मिळून हजेरी मांडायची, क्रीडा विभागाच्या पी.डी. सरांची सही, महिनाअखेरीला रक्कम खात्यात. सोबत खेळताना झालेल्या इजेचा विमा, कारण गुडघ्याचं लिगामेंट तुटलेला मुलगा खेळातून तर जातोच, वावरातूनही जातो. आणि गावच्या खुल्या सामन्यांत कॉलेजचा खेळाडू उतरला तर त्याचं खरं नाव आणि त्याला दिलेली रक्कम आयोजकानं लिहून ठेवायची, एवढंच.

पैसा कुठून येणार, हा शेवटचा आणि सगळ्यांत आवडता आक्षेप. हिशेब करून बघू. कबड्डीचा बारा जणांचा संघ, हंगामाचे साठ दिवस, रोजगार हमीचा ३१२चा दर. एकूण २ लाख २४ हजार ६४० रुपये. एकोणीस वर्षांखालच्या एका क्रिकेटपटूला बारा दिवस मैदानावर उभं राहून २ लाख ४० हजार मिळतात. प्रत्येक विद्यार्थ्याकडून कॉलेजं क्रीडा शुल्क घेतातच. त्यातला किती भाग खेळाडूपर्यंत पोहोचतो आणि किती पाहुण्यांच्या जेवणावळीत जातो, ते प्रत्येक कॉलेजनं सूचनाफलकावर लावावं. उरलेली तूट विद्यापीठ आणि राज्य सरकार यांनी 'कमवा आणि शिका'च्या तरतुदीतून भरावी.

आणि सुरुवात कुठून करायची, तर आमच्या गावातूनच करा. रिद्धपुरात मराठी भाषा विद्यापीठ सुरू झालं आहे. त्याच्याकडे जुने पायंडे नाहीत, कपाटात जुन्या ट्रॉफ्या नाहीत, 'आमच्या वेळी आम्ही सत्तू खाऊन खेळलो' म्हणणारे माजी खेळाडूही नाहीत. त्याचा पहिला कबड्डी संघ अजून निवडायचा असावा. तो निवडण्याआधी क्रीडा विभागाच्या अंदाजपत्रकात खेळाडूंच्या हजेरीचा रकाना घाला, आणि तो मुलींच्या संघापासून भरायला घ्या.